वजनकाट्यावरची ‘विक्रांत’

१/ मच्छीमार बोट निकामी झाली, की तिचे इंजिन आणि लोखंड भंगारात वजनावर जाते. तिने किती वादळे झेलली, याचा भाव कोणी करीत नाही. २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात हाच हिशेब एका विमानवाहू युद्धनौकेच्या वाट्याला आला.

२/ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘हर्क्युलिस’ बांधावयास घेतली. युद्ध संपले आणि काम अर्धवट राहिले. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती ‘आयएनएस विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाली.

३/ १९७१ च्या युद्धाच्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते. तरीही बंगालच्या उपसागरातून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार व चितगाववर हल्ले चढवले.

४/ ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचे संग्रहालय झाले. सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये तेही बंद पडले. जतनाचा खर्च राज्य शासनाला पेलवेना. लिलावात तिला सुमारे ६० कोटी रुपये आले. विक्री रोखण्यासाठी केलेली याचिका उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तोडणी सुरू झाली.

५/ तिचे काही पोलाद बजाजच्या मोटारसायकलींत गेले. २०२२ मध्ये कोची येथे नवी ‘विक्रांत’ दाखल झाली. नाव टिकले, मात्र शाळकरी मुले जिच्यावर उभी राहून १९७१ चा इतिहास ऐकत, ती धावपट्टी उरली नाही. जतनाची तरतूद जहाज तरंगत असतानाच करावी लागते.