निश्चल देहाचे दायित्व

शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी रुग्णाला भेटावे, त्याचे दात, मान व श्वास तपासावे आणि त्याच्या मनातील भीतीला वाट करून द्यावी, हा भूलतज्ज्ञाचा नित्यक्रम. परंतु पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्या भेटीत जे सांगितले, ते ऐकल्यापासून निश्चल पडलेल्या रुग्णाकडे मला निश्चिंतपणे पाहता आलेले नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, परगावी, त्यांच्या पोटावर एक शस्त्रक्रिया झाली होती. “डॉक्टरसाहेब, मला सगळं ऐकू येत होतं. सुरी लागलेली कळत होती. ओरडावंसं वाटत होतं, पण बोटसुद्धा हलेना. नंतर सांगितलं तर म्हणाले, बाई, तुम्हांला स्वप्न पडलं असेल.” त्या वेदनेपेक्षाही, आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही याचे दुःख त्यांना अधिक झोंबत होते, हे त्यांच्या स्वरावरून स्पष्ट दिसत होते.

मी त्यांना म्हणालो, “बाई, ते स्वप्न नव्हतं.” आणि तसे म्हणण्यास आमच्या शास्त्राचा भक्कम आधार होता. दक्षिण अमेरिकेतील अरण्यवासी ज्या क्युरारेचा लेप बाणांच्या अग्रांना देत, त्याच विषाचा शुद्ध अर्क १९४२ साली माँट्रिऑल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेतील रुग्णाला दिला, आणि पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून ईथरची जीवघेणी खोल भूल देण्याची आवश्यकता तेथून सरू लागली. परंतु हे द्रव्य केवळ स्नायूंना निकामी करते. मेंदूला ते ना निद्रा देते, ना वेदनेपासून मुक्ती. याची निर्विवाद साक्ष १९४७ साली अमेरिकेतील युटा येथे स्कॉट स्मिथ या डॉक्टरांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करवून घेऊन दिली: सर्वांग लुळे पडलेले, श्वास दुसऱ्याच्या हाताने चाललेला, आणि शुद्ध व संवेदना मात्र आरंभापासून अखेरपर्यंत शाबूत.

म्हणूनच क्युरारेसारख्या स्नायुशिथिलकाच्या जोडीला निद्रेचे औषध तर हवेच, परंतु अफूच्या जातीचे प्रबळ वेदनाशामकही हवे. बेल्जियममधील पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास सिद्ध झालेले फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट प्रभावी असते. भारतात १९८५च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली त्याला परवाना, कुलूपबंद कपाट, नोंदवही, रिकाम्या कुप्यांचा हिशेब असा सारा बंदोबस्त लागतो. त्याची आवश्यकता मी नाकारीत नाही. पण त्या दगदगीपायी पुष्कळ लहान रुग्णालये हे औषध ठेवतच नसत, आणि रुग्णाची हालचाल थांबवणारी औषधे मात्र त्यांच्या कपाटात सुखेनैव असत, हा मला फार मोठा अन्याय वाटत आला आहे. २०१४च्या दुरुस्तीने वाट काहीशी सुकर केली, इतकेच.

बाईंना मी एक गोष्ट सुचवली. ॲबर्डीनच्या मायकेल टन्स्टॉल यांनी १९७७ साली एक युक्ती मांडली होती: शिथिलक देण्यापूर्वीच एका दंडावर रक्तदाबाची पट्टी घट्ट फुगवावी, म्हणजे ते औषध त्या हातात उतरत नाही आणि तेवढा हात रुग्णाच्या ताब्यात राहतो. “जाग आली तर माझा हात दाबायचा,” असे सांगताच बाई म्हणाल्या, “एवढं असलं तर मी येते.”

दुसऱ्या दिवशी प्रथम १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल दिले, त्याचा अंमल चढेपर्यंत थांबलो, मग निद्रेचे औषध दिले, उजव्या दंडावरील पट्टी फुगवली आणि त्यानंतरच व्हेक्युरोनियम हे शिथिलक दिले. छेद घेताच नाडी चढली. देह तसाच निश्चल होता, परंतु ती चढलेली नाडी हीच त्या क्षणी देहाची एकमेव फिर्याद, म्हणून फेंटानिलची आणखी थोडी मात्रा दिली आणि भूलवायू वाढवला. कानाशी वाकून विचारले, “बाई, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.” बोटे सैल राहिली. पुन्हा विचारले, पुन्हा तसेच. हात फार वेळ आवळून ठेवता येत नाही. वीसेक मिनिटांनी पट्टी सोडली.

फेंटानिल आणि शिथिलक या दोन औषधांची जोडी शेवटी पुन्हा परीक्षा पाहते, कारण श्वास दोन्ही रोखू शकतात, परंतु दोन निरनिराळ्या मार्गांनी. अफूच्या अमलातील रुग्ण सावकाश, क्वचित श्वास घेतो, बाहुल्या बारीक असतात, आणि “श्वास घ्या” म्हटले की घेतो. शिथिलकाचा अंमल उरलेला रुग्ण मात्र उथळ, धडपडता श्वास घेतो आणि मान उचलू शकत नाही. एकावर नॅलोक्झोन, दुसऱ्यावर निओस्टिग्मिन. एकाचा उतारा दुसऱ्यावर मुळीच चालत नाही. बाईंना निओस्टिग्मिन दिले, त्यांनी मान उचलून पाच सेकंद धरून दाखवली, तेव्हाच नळी काढली.

सकाळी त्यांनी सांगितले की काहीही आठवत नाही. दिलेल्या प्रत्येक औषधाची मात्रा, आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेत त्या खरोखरच जाग्या होत्या असे माझे मत, हे दोन्ही मी पुढील भूलतज्ज्ञासाठी सहीशिक्क्यानिशी लिहून दिले. बाईंनी ते चष्मा लावून सावकाश वाचले आणि मुलीजवळ ठेवण्यासाठी आणखी एक नक्कल मागितली. तीही तेथेच लिहून दिली.