तिसरी ओळ

यंत्रांचे आणि माझे कधीच जमले नाही. परवा ऐन वसुबारसेच्या संध्याकाळी नाशिकरोडला लाईट गेले, तेव्हा धाकट्या नातवाच्या व्हिडिओ गेमचा डबा अपडेट होत होता. लाईट आले, पण डबा काही केल्या पुढे सरकेना.

“सगळं पुसून नव्यानं सुरू कर!” मी म्हटले.

“नको आबा! त्यात दादाचा नि माझा खेळ आहे. तो जर्मनीहून आला की पुढे खेळायचंय.”

मी मुकाट्याने घड्याळ घेऊन त्याच्याजवळ बसलो. मोबाईलवरच्या सूचना वाचत त्याने बंद डब्याचे बटण दाबून धरले. मी सेकंद मोजले. सातव्याला दुसरी ‘बीप’ झाली. तारेने कंट्रोलर जोडताच सेफ मोडची यादी उघडली. शेवटची ओळ सगळे पुसणारी. तिसरी नुसते अपडेट करणारी. आम्ही तिसरी निवडली. डब्याने पेनड्राइव्हवरची फाईल नाकारली. ती अर्धवटच उतरली होती.

मला प्रेसमधले दिवस आठवले. १९२८ पासून इथे नोटा छापतात. पण अर्धवट छापलेल्या कागदाला नोट म्हणत नाहीत. फाईल पुन्हा, पुरती उतरवली. रात्री साडेदहाला डबा जागा झाला. दादाचा खेळ जागच्या जागी होता.

नव्याने सुरुवात करण्याचा सल्ला आपण किती सहज देतो! ज्याचे काही पुसले जाणार नसते, त्यालाच तो सुचतो.