१५ आकड्यांचा माग

दिल्लीला गेलेली मराठी मंडळी खरेदीसाठी करोलबागेत वळतातच. तिथल्या गफ्फार मार्केटला नाव सरहद्द गांधींचं, राज्य मात्र मोबाइलचं! नव्या-जुन्या फोनांच्या त्या ढिगात आपला चोरीचा फोन धुंडाळणं व्यर्थच. खरा शोध पोलीस ठाण्यात सुरू होतो. तक्रारीची प्रत आणि १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिला, की केंद्राच्या ‘सीईआयआर’ यंत्रणेतून फोन बंद पाडता येतो. दिल्लीत ही सोय डिसेंबर २०१९मध्ये आली. मुंबईत सप्टेंबरातच आली होती. पुढे कुणी त्यात सिम घातलं, की पोलिसांना माग लागतो. पण सुटे भाग करून विकला असेल, तर पोलीसही काय करणार? तो क्रमांक फोनच्या खोक्यावर छापलेला असतो; आणि खोकं बहुधा गावी, माळ्यावर!