गेटचे पैसे

अंबड

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "मामा, भरून टाकते, कटकट नको," तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. गेटचे 18,500 रुपये! तेही कशावर, तर सेक्रेटरीने ग्रुपवर टाकलेल्या दोन ओळींवर. ना बिल, ना ठराव, ना नोटीस. तुझी आई, आमची अक्का, अशीच भिडस्त. भीड भिकेची बहीण, हे आपल्या घरात कुणी कधी शिकलंच नाही.

मला सांग, पाण्याचा टँकर तुझ्या एकटीसाठी आला होता का? वर्गणी सगळ्या मजल्यांनी काढली. फोन तुझ्या मोबाइलवरून गेला, एवढाच तुझा गुन्हा. गाडी मागे घेताना ड्रायव्हरने गेट ठोकलं, तर पैसे टँकरवाल्याकडे मागायचे. रस्त्यावरच्या गाडीला त्रयस्थ विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान त्यात येतं. पण गाडीचा नंबर कुणी लिहून घेतला? चोर सोडून संन्याशाला फाशी!

आणि गेट तरी कसलं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा तुझा फोटो मी चष्मा लावून पुन्हा पाहिला. तुम्हा बायकांच्या मागे उजवं फाटक बिजागरीतून सुटून टेकलेलं, कडीला तार गुंडाळलेली, खाली वीट. हा फोटो जपून ठेव. आता त्याच्या जागी सरकतं, नक्षीचं गेट बसवून सगळा खर्च तुझ्या नावावर? जालन्यात राहून लोखंडाचा हिशेब कळू नये म्हणजे कमाल झाली. गावात सळईच्या भट्ट्या धडधडतायत आणि तू विचारतही नाहीस की गेटचं वजन किती, किलोचा दर काय, मजुरी किती, जुनं भंगारात कितीला गेलं!

आधी एवढं बघ, की तुमची नोंदणी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली आहे की 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली. सहकारी असेल तर नुसत्या दंडालासुद्धा 2014 च्या आदर्श उपविधींत आधी नोटीस आहे, मग सर्वसाधारण सभेत तुझं म्हणणं ऐकणं आहे आणि वर्षाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे. भरपाई वेगळी, हे खरं. पण तिलाही हिशेब नको का? बिल, दरपत्रकं आणि कमिटीच्या इतिवृत्ताची नक्कल मागणारा अर्ज दे आणि पोहोच घे. फोनवर बोलणं म्हणजे पोहोच नव्हे. वाद चिघळलाच तर कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे, आणि थकबाकीच्या वसुलीचा दाखलाही निबंधकाकडूनच आणावा लागतो. सेक्रेटरी काही मामलेदार नाही. देखभालीचा महिना मात्र बिनचूक भर. एकदा थकबाकीदार म्हणून नाव लागलं की त्यांचं फावलं.

तुम्हा पोरांचं मला कळतच नाही. अंगठा लावला की पैसे गेले, पावती कुठे म्हटलं की "मेसेज आलाय ना मामा." वार्षिक सभेला कुणी जायचं नाही, हिशेबपत्रक उघडायचं नाही, आणि मग चार माणसं मिळून काहीही ठरवतात म्हणून घरात बसून चिडायचं. विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला तो अशाने झाला असता? सहकार म्हणजे दुसऱ्याच्या वहीत डोकावण्याचा हक्क. मी सभेत उठून प्रश्न विचारतो म्हणून तुझी मामी माझ्या शेजारी बसत नाही, ते असो.

जावईबापू साइटवर, तू पोरासकट एकटी, म्हणून मन लागत नाही. ते लोक वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह तर बंद करणार नाहीत ना? केलाच तर वेळ-तारीख टिपून मला लगेच कळव. सेक्रेटरीकडे एकटी जाऊ नकोस. समोरच्या काकूंना बरोबर घे, वर्गणी त्यांनीही दिली होती. आणि अर्ज देण्याआधी मला फोनवर वाचून दाखव. तू फार नम्र लिहितेस, "कृपया माफ करावे" वगैरे. ते वाक्य आधी काढ.

तुझा,
मामा

ता. क. पैसे भरले नाहीस ना अजून? भरले असलेस तरी सांग, रागावणार नाही. अर्ज मग दुसऱ्या पद्धतीने लिहू.