परतीची तारीख

शिवाजीनगर, भोपाळ
आषाढ वद्य पंचमी

चि. चिऊस,


तुझं पत्र मिळालं. हल्ली पोस्टमन येतो तो बिल नाहीतर नोटीस घेऊन, त्यामुळे पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी छातीत धस्स झालं. वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तर वाचनालयाने एक कपाट रिकामं करून दिलं, ‘दृक्‌श्राव्य विभाग’ अशी पाटीही रंगवून झाली, आणि आत काय ठेवायचं ते आता ग्रंथपालबाईंनी, म्हणजे तू, ठरवायचं! ‘ब’ वर्गाच्या तालुका ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने एवढं केलं, याचंच मला कौतुक वाटतं. पाटी आधी आणि माल मागून, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

तू यादी मागितलीस. यादी मी देणार नाही. माझ्या कानावर काय काय पडलं ते कधी मुलाच्या परीक्षेत, कधी तुझ्या काकांच्या दुखण्यात पडलं; ती यादी तुझ्या वाचकांच्या काय कामाची? पण ती झाली कशी, ते सांगते.

मी लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा रेडिओ आणि गणपतीतली नाट्यगीतं यांपलीकडे माझं गाणं नव्हतं. टी. टी. नगरात ब्रिटिश कौन्सिलची लायब्ररी होती. (पुढे ती राज्य सरकारने घेतली, आता तिला स्वामी विवेकानंद लायब्ररी म्हणतात.) मुलाचं इंग्रजी सुधारावं म्हणून काकांनी तिथे नाव घातलं. मुलगा दोनदा गेला. वर्गणी फुकट जाऊ नये म्हणून मी जायला लागले. इंग्रजी कादंबऱ्या मला झेपत नव्हत्या, म्हणून सीडींच्या मांडणीपाशी घुटमळायचे. तिथली एक सीडी मी निव्वळ कव्हरमुळे उचलली. एक मुलगी भलंमोठं व्हायोलिन गुडघ्यांत धरून बसलेली. मला वाटलं, विलायती सारंगी असेल. ती जॅकलिन दु प्रे होती आणि ते वाद्य चेलो. वाजवत होती एल्गार नावाच्या संगीतकाराचा चेलो कन्चेर्टो. एल्गारने तो १९१९ साली पुरा केला, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना. तिने तो १९६५ साली ध्वनिमुद्रित केला तेव्हा ती वीस वर्षांची होती.

पहिल्यांदा लावली तेव्हा काका आतून ओरडले, “कोण रडतंय गं?” मी बंद केली. मलाही काही कळलं नव्हतं. पण परतीची तारीख जवळ येत होती, आणि न ऐकता परत करायची म्हणजे पैसे देऊन जिलबी घ्यायची आणि दुकानातच विसरून यायची. म्हणून मटार सोलता सोलता पुन्हा लावली. आदल्या रात्री तिसऱ्यांदा. तेव्हा लक्षात आलं, की सुरुवातीला चेलो एकटाच येतो, चार भारी आघात करतो, आणि एवढा मोठा ऑर्केस्ट्रा नुसता थांबून असतो. गवई आलापी करत असताना तबलजी हात आवरून बसतो ना, अगदी तसा. त्या ओळखीच्या खिडकीतून मी आत शिरले. कव्हरमधल्या चोपड्यात वाचलं, की अठ्ठाविसाव्या वर्षी आजारामुळे तिला वाजवणं सोडावं लागलं. १९८७ साली ती गेली. मी दुसऱ्या दिवशी सीडी परत केली आणि काउंटरवरच्या भैयाजींना विचारलं, हिची आणखी आहे का? ते म्हणाले, “वो तो नहीं है मैडम, लेकिन ये ले जाइए, इसे कोई नहीं ले जाता.”

‘कोई नहीं ले जाता’ म्हणून जे हातात आलं तो ‘केस’ नावाचा सिनेमा, केन लोचचा, १९६९चा. कव्हरवर मुलगा, मी आपली समजले, शाळेच्या पोरांची काहीतरी गंमत असेल. निघाली यॉर्कशरमधल्या कोळसाखाणीच्या गावातली, ससाणा पाळणाऱ्या एका पोराची गोष्ट. तिथली बोली इतकी अवघड, की इंग्रजी सुधारायला गेलेला माझा मुलगा माझ्याइतकाच कोरा राहिला. पण ते पोर वर्गात उभं राहून ससाणा कसा शिकवायचा ते सांगायला लागतं, आणि सगळा वर्ग गप्प होतो. त्या प्रसंगाला भाषा लागली नाही. शेवट मी सांगत नाही. तुझ्या कपाटात हा सिनेमा ठेवच.

तुमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलेलं मी विसरले नाही. सगळं फोनवर मिळतं, मग सभासद सीडी न्यायला कशाला येतील? त्यांचं चुकत नाही. फोनवर मला ती दु प्रेसुद्धा मिळाली, दोन मिनिटांत. गेल्या दोन वर्षांत ती तिथे मी किती वेळा ऐकली असेन? एकदाही पूर्ण नाही. ती उद्याही तिथेच असणार, म्हणून उद्यावरच राहते. तुझ्या वहीत परतीच्या तारखेचा रकाना आहे ना, तो या विभागालाही ठेव.

लायब्ररीनंतर माझं दुसरं ठिकाण म्हणजे इथलं भारत भवन. १९८२च्या फेब्रुवारीत ते उघडलं. चार्ल्स कोरियांनी इमारत अशी बांधली, की समोरून ती दिसतच नाही. श्यामला टेकडीवर तू येतेस ती छतावर, तिथून पायऱ्यांनी खाली उतरत जायचं, आणि शेवटी समोर बडा तालाब. तिथे कवितेचं ‘वागर्थ’, संगीताचं ‘अनहद’, सिनेमाचं ‘छवि’ असे वेगवेगळे विभाग. मी जायचे ते तलावावरच्या वाऱ्यासाठी, खरं सांगायचं तर. आत काय चाललंय ते कानावर पडलं तर पडलं.

असंच एकदा धृपद कानावर पडलं. नोम-तोम इतका वेळ चाललं, की मला वाटलं, गाणं सुरू व्हायचंय. तेच गाणं होतं! धृपद भोपाळला आलं कसं, ती गोष्ट तुझ्या कपाटासाठी मोलाची आहे. मणी कौल मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ करत होते. (मुक्तिबोध घरी मराठी बोलणारे आणि हिंदीचे एवढे मोठे कवी, त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहायचे. एका घराने दोन भाषा वाटून घेतल्या.) त्या सिनेमाच्या निमित्ताने उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर इकडे आले, आणि त्यांना इथेच ठेवून घेऊन १९८१ साली धृपद केंद्र सुरू झालं. उज्जैनचा एक मराठी मुलगा तिथे शिकायला आला, उदय भवाळकर. आज ते पुण्यात शिकवतात. पुढे मणी कौलनी डागर बंधूंवर ‘ध्रुपद’ नावाचा माहितीपट केला. सिनेमामुळे गाणं गावात आलं आणि गाण्यावर पुन्हा सिनेमा झाला. तुझ्या कपाटात हे दोन सिनेमे आणि भवाळकरांची सीडी एकाच फळीवर असू दे. शास्त्रीय एकीकडे, चित्रपट दुसरीकडे, असं दशांश पद्धतीने त्यांना तोडलंस, तर बघणाऱ्याला हा धागा कधी दिसायचा नाही. वर्गांक कागदावर काय द्यायचा तो दे, मांडताना मात्र शेजार बघून मांड.

तसाच दुसरा शेजार. सूचना वहीत नाट्यगीतं मागितली जाणारच, आणि बालगंधर्व घ्यावेच लागतील. घे. त्यांच्या अगदी लगत कुमार गंधर्वांचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ठेव. क्षयातून उठलेला, एका फुफ्फुसावर गाणारा माणूस तीच पदं आपल्या गळ्यातून कशी नेतो, ते तुझ्या गावातल्या जुन्या नाट्यसंगीतवाल्यांना ऐकू दे. दोघेतिघे रागावतील. रागावले म्हणजे त्यांनी नीट ऐकलं. तिसरी, ‘गीतवर्षा’. माळव्यातला पाऊस मी चाळीस वर्षं बघतेय, पण देवासला राहून कुमारजींनी तो ऐकला तसा मी कधी ऐकला नव्हता. आणि जमलं तर जब्बार पटेलांचा कुमारजींवरचा माहितीपट ‘हंस अकेला’ तिथेच. फिल्म्स डिव्हिजनने काढलेला आहे. वाचनालयात चारचौघांना दाखवायचा तर लेखी परवानगी माग, नाहीतर मंडळात तुझीच हजेरी घेतील.

या विभागासाठी मिळालेल्या पैशातले निम्मे मागणीवर घाल, त्याबद्दल कुणाशी वाद घालू नकोस. उरलेले निम्मे जे कुणी मागितलं नाही त्यावर. मागायला आधी नाव ठाऊक असावं लागतं, आणि चेलोचं नाव मला ठाऊक नव्हतं.

एक मात्र तुझं खरं आहे, आता प्लेअर कुणाच्या घरी असतो? म्हणून मी आमचा पाठवतेय. खिडकीजवळ टेबलावर ठेव, हेडफोन दोन लाव, एकच लावू नकोस. आमची ऐकायची खोडच अशी, की अर्ध्यात शेजारच्याला कोपर मारून “हे ऐक” म्हणायचं. काका असते तर हा प्लेअर घराबाहेर जाऊ दिला नसता. जन्मभर म्हणाले, “कोण रडतंय?” आणि शेवटच्या दिवाळीत आपणहून म्हणाले, ती रडणारी लाव.

पार्सल उद्या निघेल. जुन्या नारायणपेठेत गुंडाळलंय, साडी परत नको. झाकण आपोआप उघडतं, त्याला रबर लावावं लागतं. रबर वेगळं कागदात घातलंय, वर ‘झाकण’ लिहिलंय. बहुतेक खोक्याच्या तळाशी गेलं असेल, खोकं टाकून देण्याआधी बघ.

तुझी,
मावशी