लेकीचा खेळ, माझा किनारा

गेल्या ईदला माझा धाकटा भाऊ दोह्याहून आला. सामानात नेहमीप्रमाणे खजूर, अत्तराच्या बाटल्या, दूध पावडरचे डबे होते, आणि एक नवीन वस्तू होती. निन्टेन्डो स्विच नावाचं खेळायचं यंत्र. हातात धरूनही खेळता येतं, टीव्हीला जोडूनही. "भाच्यासाठी आणलंय," तो म्हणाला. माझा मुलगा सातवीत आहे, त्याच्यासाठी फुटबॉलचा खेळ होता. सोबत भावानं स्वतःचा एक जुना खेळही ठेवून दिला. ड्यूटी संपल्यावर खोलीवर एकटा असताना तो हा खेळायचा. नाव 'स्कायरिम'.

मुलाचा फुटबॉल पंधरा दिवसांत थंड पडला. तो पुन्हा मित्रांबरोबर बाहेर क्रिकेटला पळू लागला. यंत्र राहिलं माझ्या मोठ्या मुलीच्या हातात. बारावीचा शेवटचा पेपर तिनं रोजा ठेवून दिला होता. आता निकालापर्यंत सुट्टी. दुपारची कामं आवरली की ती कोपऱ्यातल्या पलंगावर बसायची आणि अस्रची अजान झाली तरी मान वर करायची नाही.

पहिला आठवडा मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात बोलले, आणि आवाज चढवूनच बोलले. अठरा वर्षांची मुलगी, तलवारी आणि राक्षस खेळत बसते, हे काय? ती शांतपणे म्हणाली, "अम्मी, शेजारी बसून एकदा बघ तरी. मग बंद कर म्हणालीस तर बंद करीन."

मी उर्दू आणि मराठी शिकवते. न वाचलेल्या वहीवर शेरा मारू नये, हे मुलांना रोज सांगते. म्हणून बसले.

खेळ सुरू होतो तेव्हा आपण कैदी असतो. हात बांधलेले, गाडीतून वधाच्या जागी नेत आहेत. आपलं माणूस कसं असावं ते तिथंच ठरवायचं. पुरुष की स्त्री, रंग कुठला, चेहरा कसा, नाव काय. मान ठोकळ्यावर ठेवलेली असतानाच आकाशातून एक अजगरासारखा पंखवाला ड्रॅगन येतो, गावाला आग लावतो, आणि त्या गोंधळात आपण एका भुयारातून पळ काढतो. इथवर मला विशेष वाटलं नाही. असले सिनेमे पाहिलेत.

पण भुयार संपतं आणि समोर सगळा मुलूख उघडा होतो. डोंगर, त्यावर बर्फ, खाली नदी, देवदारासारखी झाडं. सोबतचा माणूस म्हणतो, जवळ एक गाव आहे, तिकडे जाऊ. पण जायलाच हवं असं नाही. माझी मुलगी डावीकडे वळली. का, तर तिथं काहीतरी दिसलं. "तो समोरचा डोंगर दिसतोय ना? तो नुसता चित्र नाही. तिथं जाता येतं."

असल्या खेळाला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात, म्हणजे सगळ्या बाजूंनी उघडं जग. स्कायरिम २०११ साली बेथेस्डा या अमेरिकन कंपनीनं काढला. सहा कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्याचं त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी २०२३ मध्ये सांगितलं. इतकी माणसं त्यात काय शोधतात, असा प्रश्न मला पडला. पुढचे काही दिवस मी वह्या तपासत तिच्याशेजारी बसत राहिले.

शिक्षिकेच्या नजरेला पहिली गोष्ट दिसली ती अशी. या खेळात जे काम करावं त्यातच माणूस तरबेज होतो. धनुष्य चालवलं की नेम सुधारतो. लोहाराच्या भट्टीवर बसलं की लोहारकी येते. दबकत चाललं की पावलांचा आवाज कमी होतो. अशी अठरा कौशल्यं आहेत. रानातलं फूल किंवा बुरशी औषधी आहे का हे कळायला ती चाखून पाहावी लागते, तेव्हा तिचा पहिला गुण समजतो. बीएडला 'कृतीतून शिक्षण' या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली होती. इथं ते पलंगावर बसून चाललं होतं.

दुसरी गोष्ट चुकीची. मैदानात मोठाले राक्षस आपल्या केसाळ हत्तींचे कळप राखत फिरतात. मुलगी उत्सुकतेनं फार जवळ गेली. राक्षसानं सोटा हाणला तशी ती ढगापर्यंत उडाली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती जतन केलेल्या जागेवरून पुन्हा सुरू झाली आणि या खेपेला लांबून वळसा घालून गेली. कोणी रागावलं नाही, कोणी "सांगितलं होतं ना" म्हणालं नाही. आमच्या वर्गात चुकीचं उत्तर दिलेली मुलगी महिनाभर हात वर करत नाही.

तिसरी गोष्ट, तिथल्या जगाला स्वतःचा दिनक्रम आहे. दुकानदार रात्री दुकान बंद करून झोपतात, सकाळी उघडतात. घराघरांत वाचता येतील अशी पुस्तकं आहेत. आपण कुठेही गेलो नाही तरी लोकांचं चाललेलं असतं. मुख्य कामगिरी बाजूला ठेवून कोणाची हरवलेली वस्तू शोधायला चार दिवस गेले तरी चालतं.

हे पाहता पाहता मला आमच्या दास्तानांची आठवण झाली. दास्तान-ए-अमीर हमजा. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं ती छापली तेव्हा तिचे ४६ खंड झाले. त्यातल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला खंड १८८३ चा, मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिलेला. तिलिस्म म्हणजे जादूनं उभारलेला अख्खा मुलूख. त्याचा बादशहा अफरासियाब, आणि तो मुलूख मोडायचा तर 'लौह' म्हणजे मंतरलेली पाटी शोधावी लागते. अमर अय्यारकडे झंबील नावाची झोळी असते, तिच्यात जग मावतं. मी हे मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याची मजा आहे! इथं ठरलेल्यापेक्षा जास्त ओझं झालं की पळताच येत नाही. मला कायम काहीतरी टाकून द्यावं लागतं."

दास्तान ऐकणारे लोक सांजवेळी कामं टाकून का बसत? दिल्लीत जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तानगो बसायचे. त्यातले शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. ऐकणाऱ्यांना ठाऊक असायचं की असा मुलूख कुठे नाही. तरी वळणावळणाला नवा दरवाजा उघडायचा आणि त्यातून आत जायला त्यांना परवानगी होती. फरक इतकाच की तिथं दास्तानगो न्यायचा तिकडे जायचं. इथं माझी मुलगी स्वतः ठरवत होती.

आता आयांसाठी काही साफ गोष्टी. या खेळात रक्त आहे, दारूचे गुत्ते आहेत, जादू आणि कल्पनेतली दैवतं आहेत. अमेरिकेत त्याच्यावर १७ वर्षांवरील मुलांसाठी असा शिक्का आहे. म्हणून सातवीतल्या मुलाला मी तो खेळू देत नाही. एकदा विकत घेतला की त्यातली तलवार किंवा चिलखत मिळवायला पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत, हे मात्र मला आवडलं. मोबाइलवरच्या कित्येक फुकट खेळांत पैसे भरून 'नशिबाच्या पेट्या' उघडायच्या असतात. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. जुगाराबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. मुलांच्या फोनमध्ये आधी तेवढं बघा. आणि वेळेचं म्हणाल तर हा खेळ दिवस गिळतो, हे खरं. आम्ही दोन तासांची हद्द ठरवली. ती तिनं कधी पाळली, कधी नाही.

एका दुपारी मी तिला म्हटलं, "हे सगळं ठीक आहे, पण हे धाडस खोटं. पडद्यावर कोणीही डोंगर चढेल. खऱ्या ठिकाणी जाऊन बघ."

तिनं यंत्र खाली ठेवलं. "खऱ्या ठिकाणी जायला कोण सोडतं, अम्मी?"

मला उत्तर सुचलं नाही.

आमचं घर मुरूडच्या बाजूला. गच्चीवरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो, राजपुरीच्या वळणावर गेलं की जंजिरा. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत मी आणि माझा भाऊ ओहोटीला खडकांत खेकडे धरायचो, सुपारीच्या वाड्यांतून पाटाच्या कडेनं धावायचो. मग एक दिवस अम्मीनं मला आत बोलावलं आणि म्हणाली, आता तू मोठी झालीस. भाऊ जात राहिला. डोंगरावर गेला, खोकरीच्या कबरींपर्यंत सायकल मारली, पुढे मुंबईला गेला, मग दोह्याला. जंजिऱ्यात तो किती वेळा गेला याचा हिशेब नाही. मी आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीबरोबर. त्या किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही म्हणतात. मला तो दोन्ही वेळा दिसलाच नाही, कारण मी होडीत मुलं मोजत होते.

माझ्या अम्मीचं तर काय सांगू. खाडीपलीकडे दिघीला तिची बहीण दिली होती. आगरदांड्याच्या धक्क्यावरून पलीकडचं गाव समोर दिसतं. तरी सोबत पुरुष माणूस असल्याशिवाय अम्मी कधी खाडी ओलांडून गेली नाही. कोणी नेलं की जायची. कोणी नेलं नाही तर महिनोन्‌महिने बहिणीची खुशाली येणाऱ्याजाणाऱ्याकडून विचारायची.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मुलगी खेळ पुन्हा सुरू करत होती. जतन केलेल्या खेळांची यादी पडद्यावर आली, आणि तिच्या त्या तिरंदाज बाईचं नाव मी पहिल्यांदा वाचलं. इंग्रजी अक्षरांत माझ्या अम्मीचं नाव होतं.

"नानीचं नाव?"

"हो," ती म्हणाली. "नानी कुठे गेली नाही ना. म्हटलं, तिला फिरवून आणू."

मी चहा ठेवायला उठले. अम्मीला जाऊन सहा वर्षं झाली. बर्फाच्या डोंगरावर, पाठीला भाता लावून, एकटी, कोणाला न विचारता अम्मी फिरत होती. स्वयंपाकघरात मी बराच वेळ उभी राहिले.

तेव्हा मला त्या खेळाचं मर्म कळलं असं वाटतं. लोक त्यात ड्रॅगन मारायला जात नसावेत. दिसेल तिकडे जाता यावं, चुकलं तर परत यावं, आणि निघताना कोणाला कारण सांगायला लागू नये, एवढ्यासाठी जात असावेत. ज्यांना हे खऱ्या आयुष्यात मिळतं त्यांना तो चार दिवसांचा खेळ. ज्यांना मिळत नाही त्यांना तो सुटत नाही. माझा भाऊ गावी मोकळा फिरला, पण दोह्याच्या खोलीत अडकल्यावर त्यालाही तो लागलाच होता. आपण मुलींना मोबाइलचं वेड लागलं म्हणतो. त्यांना घराबाहेर कुठलं वेड लावून घ्यायची सोय आपण ठेवली आहे का?

माझी भीती खोटी नाही. जमाना कसा आहे ते मीही रोज वाचते. पण कुरआनात पृथ्वीवर फिरून पाहण्याची ताकीद पुन्हापुन्हा येते, आणि ती वर्गात शिकवताना मी कधीच म्हटलं नाही की ती फक्त मुलांसाठी आहे.

मे महिन्यात मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी दिवेआगरला गेल्या. आगरदांड्याहून जंगलजेटीनं खाडी ओलांडून दिघी, तिथून पुढे रिक्षानं. सोबत कोणी मोठं नाही. तिच्या अब्बांना पटवायला मला तीन दिवस लागले. अट एकच, पलीकडे पोचल्यावर एक फोन आणि मगरिबच्या आत घरी. त्या दिवशी माझ्याच्यानं काही काम झालं नाही. डाळ दोनदा करपली. फोन अकराला आला, मागे वाऱ्याचा आवाज होता. "अम्मी, पोचलो. इथून आपला किनारा दिसतोय." संध्याकाळी ती उन्हानं काळवंडून परतली. खिशात दगड होते. एक काळा कातळाचा, एक तांबड्या जांभ्याचा. जेवताना अब्बांना त्यांतला फरक समजावत होती.

त्यानंतर यंत्र बंद झालं का? नाही. अजून खेळते, पण आता कधी चार दिवस हातही लावत नाही.

निकाल चांगला लागला, अल्हम्दुलिल्लाह. तिला पुण्याला जाऊन भूगर्भशास्त्र शिकायचं आहे. घरात अजून एकमत नाही. तिची दादी म्हणते अलिबागला काय कमी आहे, चुलते म्हणतात दगड शिकून काय होणार. तिचे अब्बा अजून काही बोललेले नाहीत, पण परवा त्यांनी पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी केली, हे मला बाहेरून कळलं. मी फॉर्म भरून ठेवला आहे. पालकाच्या सहीच्या दोन जागा आहेत. त्यातल्या एका जागेवर माझी सही झाली आहे.