माहूरची गाडी आणि माझगांवचें देऊळ

साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक म्हणून माहूरगडची रेणुकामाता महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. एका डोंगरावर माता, दुसऱ्यावर श्रीदत्तप्रभु, तिसऱ्यावर अनसूयामाता, आणि त्याच परिसरांत सोनापीराचा दर्गा. नाना पंथांच्या लोकांची येथें बारा महिने ये-जा चालू असते. मातेचा आवडता प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याचीं पानें, सुपारी, कात, बडीशेप इत्यादि जिन्नस कुटून तो करतात. गड उतरूं लागलें तरी त्याचा वास आणि खलबत्त्यांचा ठोका बराच वेळ आपल्या सोबतीला असतो.

गेल्या नवरात्रांत आमच्या आत्याबाईंना दर्शन घडवून परत येत होतों, तों रस्त्याच्या कडेला एक तांबडी गाडी दिसली. तिच्यावर आग ओकणारा अजगर रंगविला होता आणि मोठ्या अक्षरांत ‘चायनीज’ असें लिहिलें होतें. आत्याबाईंनीं वयाचीं ऐशीं वर्षें ओलांडलीं आहेत; जिज्ञासा मात्र सोळा वर्षांची. त्यांनीं गाडीवाल्या पोराला विचारलें, “बाळ, हें कुणाकडचें खाणें?”

“चिनी लोकांचें, आजी.”

“तूं पाहिला आहेस का कधीं चिनी माणूस?”

पोरगा हंसला. “नाहीं बुवा!”

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “आणि तूं रे?”

मीहि पाहिला नव्हता. मुंबईस माझगांवांत एक चिनी देऊळ आहे, एवढें वाचनांत आलें होतें. दिवाळीनंतर धाकट्या बंधूंकडे परळास जाण्याचें ठरलेंच होतें. “पाहून ये, आणि मला नीट सांग,” अशी आत्याबाईंनीं आज्ञा केली, आणि निघतेवेळीं बंधूंसाठीं तांबुलाचा पुडा हातीं दिला. माहूरला आगगाडी नाहीं; किनवटास जाऊन नंदिग्राम एक्स्प्रेस धरली.

गाडींत झोंप येईना, म्हणून मनाशीं हिशेब मांडूं लागलों. आत्याबाईंच्या फडताळांतील लोणच्याच्या बरण्या चिनीमातीच्या. मसाल्याच्या डब्यांतील दालचिनी हें नांव फारसींतून आलेलें, आणि त्याचा मूळ अर्थ ‘चिनी लांकूड’. सकाळचा चहा तर पेय आणि नांव या दोहोंनींहि तिकडचाच. म्हणजे ज्याला आपण परका म्हणतों, तो आपल्या स्वयंपाकघरांत केव्हांच येऊन बसला आहे!

दुसरीहि एक गोष्ट आठवली. इ. स. ६४१ च्या सुमारास ह्यू-एन-त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रांत आला होता. तेव्हां दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक उपकारकर्त्याशीं कृतज्ञ, शत्रूशीं कठोर, आणि संकटांतल्या माणसानें साहाय्य मागितलें तर स्वतःला विसरून धांवणारे आहेत, अशा अर्थाचें त्यानें लिहून ठेवलें आहे. शाळेंत हें वाचतांना आमची छाती फुगत असे. त्या प्रशस्तिपत्राला आपण पुढें उतरलों कीं नाहीं, हें मात्र गुरुजींनीं कधीं विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं स्नान-भोजन आटोपून डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरलों. मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं माझगांव हें एक. भराव घालून बेटें जोडलीं गेलीं, पण निरनिराळ्या देशींचीं माणसें शेजारीं शेजारीं नांदण्याची बेटावरची रीत या भागांत अजून दिसते. म्हातारपाखाडींत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचीं लांकडी सज्ज्यांचीं घरें आहेत. लोकमान्यांचे स्नेही काका बाप्टिस्टा येथलेच. हसनाबादेंत पहिल्या आगाखानांची समाधि आहे. आणि नवाब टँक मार्गावर, सहज लक्षांतहि येणार नाहीं अशा एका साध्या दुमजली घरांत, तें चिनी देऊळ आहे.

देऊळ १९१९ सालचें. कँटनकडील ‘सी यप’ म्हणजे ‘चार परगणे’. त्या परगण्यांतून समुद्रमार्गें आलेल्या लोकांनीं तें बांधलें. जिना चढून वर गेलों. भिंती तांबड्या, उदबत्त्यांचा दाट सुवास, पुढें फळांचा नैवेद्य. दैवत क्वान कुंग. हा तिसऱ्या शतकाच्या आरंभीं वारलेला एक सेनापति; दिलेल्या शब्दाला जागला, म्हणून लोकांनीं त्याला देवपण दिलें. शेजारीं बांबूच्या काड्यांचें नळकांडें होतें. मनांत प्रश्न धरून तें हलवावें. जी काडी बाहेर पडेल, तिच्यावरील अंकाप्रमाणें देवाचें उत्तर समजावें. आमच्या कोंकणांतील आप्तांकडे देवाला कौल लावतात, त्याचीच मला आठवण झाली.

एक वृद्ध गृहस्थ उदबत्ती लावून बसले होते. मीं नमस्कार केला. “बसा ना. कुठून आलांत?” त्यांनीं अगदीं मुंबईच्या मराठींत विचारलें. जन्म येथलाच, वडील दांतांचे वैद्य होते. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन जहाजें कँटनला जात, आणि चहा, रेशीम व चिनी भांडीं घेऊन परत येत. ज्या अफूनें त्या देशाचे हाल केले, ती माळव्याची अफू याच बंदरांतून गेली, हें मला ठाऊक होतें. पण त्यांनीं तो विषय काढला नाहीं, आणि मलाहि काढवला नाहीं.

“पूर्वी पुष्कळ घरें होतीं आमचीं,” ते म्हणाले. “बासष्ट सालानंतर एकेक करून गेलीं.”

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सरहद्दीवर युद्ध झालें. त्यानंतर मुख्यतः आसाम-बंगालकडच्या सुमारें तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानांत देवळी येथें स्थानबद्ध करून ठेवण्यांत आलें. त्यांत वृद्ध होते, लेंकरें होतीं, आणि पिढ्यानुपिढ्या येथेंच वाढलेलीं कुटुंबें होतीं. शेवटचीं माणसें सुटावयास १९६७ साल उजाडलें. मुंबईंतल्या कुटुंबांवरहि संशयाची छाया पडली, आणि कित्येकांनीं परदेशची वाट धरली. आपले जवान हिमांत प्राण देत होते. देशाचा संताप समजण्यासारखा होता. परंतु तो ज्यांच्यावर कोसळला, त्यांनीं कोणती सरहद्द ओलांडली होती?

निघतांना वृद्धांनीं नैवेद्यांतलें एक संत्रें माझ्या हातावर ठेवलें. मीं तें मस्तकाला लावून घेतलें.

खालीं आलों तों दिवे लागले होते. स्टेशनाजवळ तशीच तांबडी गाडी उभी होती. तेल-तव्याची चौकशी करून, मन घट्ट करून ‘चायनीज भेळ’ मागितली: तळलेल्या कुरकुरीत शेवया, बारीक चिरलेली कोबी, कांदा, ढोबळी मिरची, आणि वर तांबडी शेजवान चटणी. लसूण-मिरचीची ही चटणी म्हणजे आपल्या ठेच्याची चुलतबहीण. नांव सेचवान प्रांताचें, पण हात मुंबईचा. मांचुरियन नांवाचा पदार्थहि, असें सांगतात, १९७५ च्या सुमारास मुंबईंतच जन्मला. कलकत्त्यास जन्मलेले चिनी वंशाचे पाककुशल नेल्सन वाँग यांनीं आपल्याकडील आलें, लसूण व हिरवी मिरची घेऊन त्यांत गरम मसाल्याऐवजीं सोयाबीनचा रस घातला, अशी त्याची कथा आहे. भेळ चविष्ट होती, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ज्यांच्या नांवावर गांवोगांवचीं हजारों पोटें भरतात, त्यांचीं घरें मात्र या शहरांत थोडींच उरलीं, हा विचार त्या तिखटाहून अधिक झोंबला.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तेथील जखमी सैनिकांची शुश्रूषा करतां करतां, तेथेंच संसार मांडून, १९४२ च्या डिसेंबरांत वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं वारले. त्या लोकांनीं त्यांची स्मृति आजवर प्रेमानें जपली आहे. उपकार स्मरण्याचें जें प्रशस्तिपत्र त्या यात्रेकरूनें आम्हांस दिलें, त्याला उतरले कोण?

माहूरला परतल्यावर आत्याबाईंना सर्व सांगितलें. त्या ओसरीवर बसून लहानशा खलांत विडा कुटीत होत्या. कौलाची हकीकत त्यांना फार आवडली. देवळीचें ऐकतांना बत्ता मध्येंच थांबला. बऱ्याच वेळानें त्यांनीं विचारलें, “त्या म्हाताऱ्यांनीं तुला संत्रें दिलें. तूं त्यांना काय दिलेंस?”

मी गप्प राहिलों. तांबुलाचा पुडा त्या दिवशीं माझ्या खांद्यावरच्या पिशवींतच होता. बंधु रात्रपाळीला गेले असल्यामुळें तो त्यांना द्यावयाचा राहिला होता. परंतु त्यांतला चिमूटभर त्या वृद्धांच्या हातावर ठेवावा, हें मला सुचलें नाहीं.

“पुढच्या खेपेस दोन पुडे ने,” आत्याबाई म्हणाल्या, आणि पुन्हां कुटूं लागल्या.